पारवा आणि कबूतर : एका जुन्या सोयरिकीचा इतिहास

नागपूरपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर असलेल्या रामटेकच्या गडावर जाणाऱ्या यात्रेकरूंच्या मनात श्रीरामाचे दर्शन असते, अभ्यासकांच्या मनात वाकाटकांचे शिल्प असते, आणि काव्यरसिकांच्या मनात कालिदासाचा मेघ असतो. गडाच्या तटबंदीतील फटींत, मंदिरांच्या कोनाड्यांत आणि पायथ्याच्या जुन्या बावड्यांत पिढ्यान् पिढ्या घुमत बसलेल्या पारव्यांकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. आम्हीही त्यांपैकीच एक होतो. पुढे घडलेल्या एका लहानशा प्रसंगाने आम्हांस या पक्ष्याकडे पाहण्यास भाग पाडले, आणि त्याचा मागोवा घेता घेता आम्ही फार दूरवर जाऊन पोहोचलो. तो प्रवास वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रारंभ कालिदासापासूनच करणे उचित होईल. 'मेघदूता'तील रामगिरी म्हणजेच रामटेक, हे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले. छत्तीसगडातील रामगढच्या बाजूनेही काही विद्वानांनी युक्तिवाद केला आहे. परंतु प्रभावतीगुप्तेच्या ऋद्धपूर ताम्रपटात रामगिरीच्या स्वामीचा जो उल्लेख येतो, तो आणि जवळच नगरधन येथे असलेली वाकाटकांची प्राचीन राजधानी नंदिवर्धन, या दोन गोष्टी रामटेकच्या पक्षाला मोठे बळ देतात. या रामगिरीवरून निघालेल्या मेघाला यक्ष वाट सांगतो. उज्जयिनीस पोहोचल्यावर, विजेला चमकून थकवा आला असेल तेव्हा, जेथे पारवे निजले आहेत अशा एखाद्या प्रासादाच्या माथ्यावर रात्र काढ, असे तो सुचवितो. कवीने येथे जो शब्द योजला आहे तो 'पारावत'. आपला मराठी 'पारवा' तो हाच. करड्या-निळ्या छटेला आपण 'पारवा रंग' म्हणतो तेव्हाही नकळत त्याच पक्ष्याचे स्मरण करीत असतो.

'कबूतर' हा शब्द मात्र फारसीतून आला. सर्वसाधारण मराठी माणूस विहिरीत, कड्यात, पडक्या वाड्यात राहणाऱ्यास पारवा म्हणतो, आणि ढाबळीत, खुराड्यात पाळलेल्यास कबूतर. मराठी बायबलमध्येही पारवा, कबूतर आणि होला असे तिन्ही शब्द आढळतात. लोकांच्या जिभेने केलेला हा भेद किती खरा आणि किती वरवरचा, हाच आमच्यापुढे उभा राहिलेला प्रश्न होता.

विहिरीतील पिल्ले

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही तेव्हा नागपूर परिसरात नव्याने सेवेस लागलो होतो आणि कामानिमित्त रामटेकला आमचे जाणे-येणे असे. तेथील ओळखीच्या एका कुटुंबात बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा होता. त्याला कबुतरांचा भारी नाद. घरामागे लाकडी पेट्यांची ढाबळ, तीत चार-पाच जोड्या आणि त्यांत एक पांढरीशुभ्र लक्क्याची मादी, हे त्याचे वैभव. त्या उन्हाळ्यात शेजारच्या शेतातील जुन्या बांधीव विहिरीचा गाळ काढताना मजुरांना कपारीतील घरट्यात पारव्याची दोन पिल्ले सापडली. काम आठवडाभर चालणार होते आणि आईबाप घरट्याकडे फिरकेनात. मुलाने पिल्ले टोपलीत घालून घरी आणली.

पिल्लांचे डोळे उघडलेले होते. अंगावर पिवळसर लव आणि तीतून डोकावणारी पिसांची टोके. एक धडधाकट, दुसरे किरकोळ. मुलाने आमचा सल्ला विचारला. कबुतराचे पिल्लू आईबापांच्या 'दुधा'वर वाढते, असे आम्ही कोठेतरी वाचले होते. तेवढ्या अर्ध्या ज्ञानाच्या बळावर आम्ही गाईचे दूध कोमट करून पाजण्यास सांगितले. किरकोळ पिल्लू दुसऱ्या दिवशी मेले. मुलाच्या आजीने मग दूध बंद करविले आणि भिजविलेले हरभरे सोलून, चोच हलकेच उघडून, एकेक दाणा घशात सोडण्यास शिकविले. धडधाकट पिल्लू जगले.

ते नर निघाले. हिवाळ्यापर्यंत ते ढाबळीतल्या कबुतरांत रुळले आणि त्याची पांढऱ्या लक्क्याशी जोडी जमली. दोन अंडी, दोन पिल्ले. पिसे फुटली तेव्हा एक पिल्लू बापासारखे निळसर करडे, पंखांवर दोन काळे पट्टे असलेले निघाले. दुसऱ्याच्या पंखांवर मात्र पट्ट्यांऐवजी काळे ठिपके विखुरलेले होते. दोघांच्याही शेपटीत पारव्याच्या बारा पिसांपेक्षा काही पिसे जास्त होती. परंतु लक्क्याचा पंखा नव्हता. मुलगा ठिपक्याचे पिल्लू ओंजळीत धरून आमच्याकडे आला.

"फादर, माय पांढरी, बाप पारवा, मंग हे ठिपके कुठून आले? आन् याले कबूतर म्हनाव का पारवा?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. उत्तर नाही असे कबूल करण्याऐवजी आम्ही उपदेश केला. रानच्या बापाची लेकरे आहेत, त्यांना गडावर मोकळी सोड, असे सांगितले. नोहाने तारवातून सोडलेल्या कबुतराची गोष्टही त्यास ऐकविली. मुलाच्या डोळ्यांत पाणी होते, तरी त्याने ऐकले. पिल्ले काही दिवस संध्याकाळी ढाबळीकडे परतत. पुढे गडाच्या थव्यात मिसळली, ती पुन्हा आली नाहीत.

दुधाचे रहस्य

प्रथम आपल्या पहिल्या चुकीचा हिशेब देतो. कबुतराचे 'दूध' हे दूध नव्हेच. अंडी उबविण्याच्या अखेरच्या दिवसांत नर आणि मादी या दोघांच्याही अन्नपिशवीचे अस्तर जाड होते, आणि त्याच्या सुटणाऱ्या पेशींतून दह्याच्या गोळ्यांसारखा पदार्थ तयार होतो. त्यात प्रथिने आणि स्निग्धांश भरपूर असतात. गाईच्या दुधातील शर्करा मात्र नसते. पक्ष्याच्या आतड्याला ती शर्करा पचविता येत नाही. शिवाय कबुतराचे पिल्लू चिमणीच्या पिल्लासारखे चोच वासून बसत नाही. ते आपली चोच आईबापांच्या घशात खुपसते आणि वर आलेले अन्न घेते. हाताने वाढविणाऱ्यास ही रीत उलटी करावी लागते. पहिल्या आठवड्यातील पिल्लू हाताने जगविणे म्हणूनच फार अवघड. पिसे फुटलेले पिल्लू भिजविलेल्या धान्यावर निभावून नेता येते. त्या आजीला जे ठाऊक होते ते आम्हांस ठाऊक नव्हते. जाणते कबुतरबाज यासाठीच दुसरा मार्ग पत्करतात. रानपारव्याची अंडी ते पाळीव जोडीच्या खाली ठेवतात. अंडी सतरा-अठरा दिवसांत फुटतात, आणि दत्तक आईबाप पिल्लांना आपल्याच कंठातील दूध देतात.

विशेष म्हणजे, मानवी मातेच्या स्तन्याशी निगडित असलेल्या 'प्रोलॅक्टिन' या संप्रेरकाची ओळख पटली तीही कबुतराच्या अन्नपिशवीवरील प्रयोगांतूनच. ऑस्कर रिडल या अमेरिकन शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९३० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत ते वेगळे ओळखून त्यास हे नाव दिले.

तिसऱ्या जातीचा जन्म

रानपारवा आणि पाळीव कबूतर यांची सोयरीक ही त्या मुलाच्या ढाबळीत प्रथम घडलेली गोष्ट नव्हे. तिचा स्पष्ट लेखी पुरावा दोन हजार वर्षांहून जुना आहे. इसवी सन पूर्व ३७ च्या सुमारास रोमन पंडित वारो याने शेतीवर ग्रंथ लिहिला. त्यात तो कबुतरांच्या दोन जाती सांगतो. एक रानटी, कड्यांची, जी शेतघराच्या बुरुजांत आणि आढ्यांत राहते आणि मनास येईल तेव्हा येते-जाते. दुसरी शांत, बहुधा पांढरी, घरच्या दाण्यावर तृप्त. या दोहोंच्या मिश्रणातून नफ्यासाठी तिसरी जात तयार करतात, आणि एकेका कबुतरखान्यात तशी पाच-पाच हजार पाखरे ठेवतात, असे तो नोंदवितो. रानटीची काटकता आणि घरचीची माणसाळलेली वृत्ती एकत्र आणावी, हा त्यामागील व्यवहार उघड आहे.

पॅलेस्टाईनच्या भूमीतही पारवा पाळण्याची चाल प्राचीन होती. बाळंतिणीच्या शुद्धीकरणासाठी कोकरू परवडत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्ले अर्पावीत, असा लेवीय नियम आहे. आणि येशूच्या जन्मानंतर मरिया व योसेफ यांनी मंदिरात याच गरिबांच्या नियमानुसार अर्पण केले, असे लूक सांगतो. नियमाचे शब्द बारकाईने पाहण्यासारखे आहेत. होला म्हटला आहे तो नुसता होला, पारव्याचे मात्र 'पिल्लू' म्हटले आहे. गरिबाच्या हाती सहज लागणारे ते घरट्यातील पिल्लूच असते. रामटेकच्या विहिरीतही तेच हाती लागले.

आपल्या देशात कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शत्रूच्या आणि आटविकांच्या हालचालींची वार्ता मुद्रांकित पत्रांसह राजाच्या घरच्या कपोतांकरवी पाठवावी, असा निर्देश आहे. म्हणजे कबूतर तेव्हाच राजवाड्यात रुळले होते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लासा'त (१२ वे शतक) राजाच्या विनोदांची जी मालिका दिली आहे, तीत मल्लविनोद आणि कुक्कुटविनोद यांच्यासोबत पारावतविनोदही आहे. आरंभीच्या मराठीचे काही नमुने याच ग्रंथात सापडतात, म्हणून मराठी वाचकांस तो परका नाही.

मोगलांचा तर हा वंशपरंपरागत छंद. बाबराचा पिता उमर शेख मिर्झा हा १४९४ मध्ये अख्सी येथे दरीच्या काठावरील कबुतरखाना कोसळून त्यासह खाली पडला आणि मरण पावला, असे बाबराने स्वतःच लिहून ठेवले आहे. त्याचा पणतू अकबर याने या छंदाला शास्त्राचे रूप दिले. अबुल फझलच्या 'आईन-ए-अकबरी'नुसार बादशहाच्या पदरी वीस हजारांहून अधिक कबुतरे होती; पैकी पाचशे 'खासा', म्हणजे निवडक. इराण-तुराणच्या राजांकडून दुर्मीळ पाखरे नजराणा म्हणून येत. या छंदास बादशहा 'इश्कबाजी' म्हणत असे. आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, भिन्न जातींच्या जोड्या मुद्दाम लावून संततीत सुधारणा घडविण्याची पद्धत अकबराने रूढ केली, असे अबुल फझल सांगतो. लक्का, लोटन, शिराजी, गिरेबाज ही आज नागपूर-कामठीपासून मुंबईपर्यंत कोणत्याही कबुतरबाजाच्या तोंडी असलेली नावे अशा शतकांच्या निवडीचे फळ आहेत.

डार्विनची ढाबळ

अकबरानंतर अडीच शतकांनी एका इंग्रज गृहस्थाने आपल्या अंगणात ढाबळ उभारली. १८५५ मध्ये चार्ल्स डार्विनने कबुतरे पाळण्यास आरंभ केला, लंडनच्या दोन कबुतरबाज मंडळांचा तो सभासद झाला, आणि त्याने जगभरच्या ओळखीच्या लोकांकडे कबुतरांची कातडी मागविली. या कामी त्यास हिंदुस्थानातून दोघांचे मोठे साहाय्य झाले : कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा प्रमुख एडवर्ड ब्लाइथ आणि मद्रासचा सनदी अधिकारी वॉल्टर एलियट. हा एलियट म्हणजे १८२४ च्या कित्तूरच्या उठावात कैदेत पडलेला आणि पुढे दक्षिण महाराष्ट्र प्रांतात धारवाडकडे दीर्घकाळ काम केलेला तोच. त्याने डार्विनकडे लोटन जातीची कबुतरे पाठविली. ही जात किंचित हलवून जमिनीवर ठेवली की उचलून घेईपर्यंत कोलांट्या खात राहते. आईन-ए-अकबरीत लोटनाचा उल्लेख असल्यामुळे, हा विलक्षण गुण निदान अडीचशे वर्षे जसाच्या तसा वंशात उतरत आला, असे डार्विनला दाखवून देता आले.

तोपर्यंत पुष्कळ कबुतरबाजांची समजूत अशी होती की, लक्का, लोटन, गळफुग्या अशा प्रत्येक जातीचा मूळ रानटी पूर्वज निराळा असला पाहिजे. डार्विनने उलट सिद्ध करावयाचे ठरविले. पांढऱ्या लक्क्याचा काळ्या 'बार्ब' जातीशी त्याने संकर केला. दुसरीकडे बार्बचा संकर कपाळावर टिकली असलेल्या 'स्पॉट' जातीशी केला. या दोन्ही मिश्र संततींची पुन्हा जोडी लावली. कोणाही आजी-आजोबांत नसलेला निळा रंग, पंखांवरील दोन काळे पट्टे आणि पांढरी कंबर नातवात अवतरली. हुबेहूब कड्यावरचा पारवा! शिवाय कोणत्याही दोन जातींची मिश्र संतती पूर्णपणे प्रजननक्षम असते, हे त्याने पडताळून पाहिले. होल्याशी कबुतराची जोडी लावली तर होणारी संतती बहुधा वांझ निघते. येथे तसे घडत नाही. अर्थात सर्व जाती एकाच रानपारव्याची लेकरे. १८५९ च्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'च्या पहिल्याच प्रकरणात हा युक्तिवाद विस्ताराने आला आहे, आणि तेथेच रानपारवा युरोपात व हिंदुस्थानात माणसाळविता आला आहे, अशीही नोंद आहे.

हिंदुस्थानचा पारवा युरोपच्या पारव्याहून किंचित वेगळा आहे. युरोपच्या पारव्याची कंबर पांढरी, तर आपल्याकडच्याची निळसर करडी. १८४४ मध्ये ह्यू स्ट्रिकलंड याने या भेदावरून आपल्या पारव्यास 'इंटरमीडिया' हे नाव दिले, आणि आज ती एक उपजाती मानली जाते. रामटेकच्या तटावर घुमणारा निखळ पारवा तो हा. हाताने वाढविलेल्या पारव्याची पिल्ले पाळीव मादीपासून कशी होतात, याचे कोडे आता अर्धे सुटले. मुलाने विचारले होते की हे कबूतर की पारवा. उत्तर असे की, दोहोंत भिंतच नाही. पांढरा रंग बहुधा दबून गेला आणि बापाचा निळा वर आला. लक्क्याच्या तीस-चाळीस पिसांच्या शेपटीचे आणि पारव्याच्या बारा पिसांचे मधले काहीतरी झाले. एका पिल्लावर पूर्वजाचे पट्टे उमटले. पण दुसऱ्याच्या ठिपक्यांचे काय?

ठिपक्यांचा प्रवास

ठिपक्यांनी डार्विनलाही घोटाळ्यात टाकले होते. हाइथ येथील कर्नल किंग नावाच्या गृहस्थाने ऑर्कने बेटांवरून रानपारव्याची पिल्ले स्वतः आणून आपली ढाबळ वसविली होती. त्यांतील जी पाखरे त्याने डार्विनकडे पाठविली, ती सर्वच्या सर्व ठिपकेदार होती. म्हणजे ठिपके रानातलेच, असे मानण्यास जागा होती.

याचे उत्तर येण्यास दीडशेहून अधिक वर्षे जावी लागली. २०१३ मध्ये अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या मायकेल शपिरो यांच्या चमूने पारव्याचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध केला. २०१८ मध्ये त्याच प्रयोगशाळेतून ठिपक्यांविषयीचे संशोधन बाहेर आले. पंखांवरील पट्टे की ठिपके, हे ठरविणारा जनुकीय भाग त्यांनी शोधून काढला. ठिपक्यांचे रूप पाळीव कबुतरांत आले ते पारव्यातून नव्हे, तर आफ्रिकेतील 'गिनी' कबुतर या सर्वस्वी वेगळ्या रानटी जातीतून, असे त्यांना आढळले. केव्हातरी, कोठेतरी, कोणीतरी आफ्रिकेच्या त्या पाखराची पाळीव कबुतराशी जोडी जुळविली, किंवा ती आपोआप जुळली. अशा दूरच्या संकराची संतती बहुतेक टिकत नाही. जी थोडी टिकली, तिच्यातून ते ठिपके जगभरच्या ढाबळींत पसरले.

आता त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. ठिपके पट्ट्यांवर मात करतात, पण पांढरा रंग त्या दोहोंवर पांघरूण घालू शकतो. लक्क्याच्या त्या शुभ्र मादीच्या अंगात ठिपके दडलेले होते. पांढऱ्याखाली ते कोणाच्या नजरेस पडले नाहीत. पारव्याशी संबंध आल्यावर पांढरे पांघरूण गळले आणि आफ्रिकेचे ठिपके रामटेकच्या एका घरामागे, एका मुलाच्या ओंजळीत प्रकट झाले. माय पांढरी होती, बाप पारवा होता. ठिपके आले होते तिसऱ्याच रानातून, मायेच्या पदराखालून.

दार उघडे ठेवल्यावर

येथे आम्हांस दुसऱ्या चुकीकडे वळावे लागते, आणि ती पहिलीहून मोठी आहे.

जनावरे माणसाळली की त्यांचे रानटी पूर्वज काही वेळा हळूहळू लोप पावतात. गाईंचा पूर्वज असलेला रानबैल 'ऑरोक्स' १६२७ मध्ये पोलंडात संपला. पारव्याच्या बाबतीत लोप पावण्याची रीत निराळी आहे. तो मरत नाही, तो मिसळून जातो. ढाबळीतून निसटलेली, शर्यतीत वाट चुकलेली, कोणी दयेने सोडून दिलेली पाळीव कबुतरे कड्यांवरच्या थव्यांत शिरतात, जोड्या जमवितात आणि दोन-चार पिढ्यांत मूळ रानटी वाण ओळखू येईनासा होतो. भिंत नसल्याचा हा परिणाम. ब्रिटिश बेटांतील पारव्यांचा जनुकीय अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील आउटर हेब्रिडीज बेटांवर तेवढे पारवे जवळजवळ निर्भेळ राहिले आहेत, असे त्यात आढळले. जेथे माणसाची कबुतरे पोहोचली नाहीत, तेथेच रानपारवा पारवा म्हणून उरला.

आपल्याकडे पारवा विपुल आहे. त्यामुळे त्याचे काही हरवत आहे, ही कल्पनाच कोणाच्या मनात येत नाही. उलट शहरांत त्याची संख्या त्रासाची झाली आहे. मुंबईत दादरचा कबुतरखाना १९३३ पासून प्रसिद्ध होता. विष्ठेच्या व पिसांच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसविकारांची चिंता वाढत गेली, आणि जुलै २०२५ मध्ये शहरातील ५१ कबुतरखाने बंद करण्याचे निर्देश राज्य शासनाने महानगरपालिकेस दिले. त्यावरून रस्त्यावर आंदोलन झाले आणि वाद उच्च न्यायालयापुढेही गेला. एका बाजूस दाणा घालण्याची जुनी श्रद्धा, दुसऱ्या बाजूस श्वास कोंडलेली माणसे. त्या वादाचा निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाही. आम्हांस एवढेच दिसते की, दाणा घालणारा हात आणि पाखरू सोडून देणारा हात, दोन्ही स्वतःला दयाळू मानतात. आणि दया केल्यावर पुढे काय होते हे पाहण्याची तसदी दोघेही सहसा घेत नाहीत. आमचा हात त्यांत होता.

फ्रान्समध्ये शतकानुशतके सरदारांची कबुतरे रयतेच्या पेरणीवर ताव मारीत, आणि रयतेस ती मारण्याची मुभा नसे. ऑगस्ट १७८९ मध्ये राष्ट्रीय सभेने सरंजामी हक्क रद्द केले, त्यांत कबुतरखाने बाळगण्याचा हा खास हक्कही होता. पाखरू निरागस असते. त्यास कोठे ठेवावे, कोठे सोडावे, हे ठरविणारा माणूस मात्र जबाबदार असतो, हा त्यातील धडा.

मग त्या वेळी काय करावयास हवे होते? आज विचाराल तर उत्तर सरळ आहे. पिल्ले पाहून उचलण्याआधी थांबावे. आईबाप पुष्कळदा दूर बसून वाट पाहत असतात. विहिरीचे काम दोन दिवस थांबविता आले असते, निदान विचारता आले असते. उचललेच तर कोणातरी जाणत्याच्या हाती द्यावे, आणि दूध पाजू नये. पारव्याची निर्भेळ पिल्ले वाढवून त्याच विहिरीवर सोडण्यात काही वावगे नाही. ढाबळीत जोडी जमलीच, तर तिची संतती ढाबळीतच सांभाळावी. मुलाने ती आनंदाने सांभाळली असती. तिला रानच्या बापाची लेकरे म्हणून गडावर पाठविताना, ती घरच्या आईचीही लेकरे आहेत, हे आम्ही विसरलो.

पुन्हा गडावर

मागील हिवाळ्यात, त्रिपुरी पौर्णिमेची यात्रा सरल्यावर, आम्ही पुन्हा रामटेकला गेलो. तो मुलगा आता चाळिशीकडे झुकलेला गृहस्थ आहे. आजी राहिली नाही. ढाबळही नाही, त्या जागी मोटारसायकल उभी असते. आम्ही बरोबरच गड चढलो. अंबाळा तलावाकडच्या बाजूस तटावर उन्हात पारव्यांचा थवा बसला होता. बहुतेक निळसर करडे, पंखांवर दोन पट्टे असलेले. त्यांत दोन-तीन ठिपकेदार होते, आणि एक अगदी पांढरट.

त्या दोन पिल्लांच्या वंशातील ते होते, असे म्हणण्यास आधार नाही. रामटेकला दुसऱ्याही ढाबळी होत्या, नागपूर-कामठीहून सुटलेली पाखरेही इकडे येऊ शकतात. परंतु त्यांच्या वंशातील नव्हते, असेही आम्हांस म्हणता येईना.

आम्ही त्यास ठिपक्यांची गोष्ट सांगितली. आफ्रिका, आईचे पांढरे पांघरूण, सारे. पंचवीस वर्षे उशिरा दिलेले उत्तर त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग आम्ही म्हणालो, त्या दिवशी आम्हांस हे ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नाही असे तुला सांगावयास हवे होते.

तो थोडा वेळ थव्याकडे पाहत राहिला. "तुमी म्हनले म्हनून सोडले होते, फादर," तो म्हणाला. "नाही तं मी काई सोडत नव्हतो."

त्यात तक्रार नव्हती. पण आम्हांस ते अजून ऐकू येते. खाली देवळातील घंटा झाली आणि थवा एकदम उडाला. गडावर एक फेरा घालून तो पुन्हा तटावर उतरला. पट्ट्यांचे, ठिपक्यांचे आणि तो एक पांढरट, सारे एकाच रांगेत बसले. आम्ही दोघे पायऱ्या उतरू लागलो.